पुढाऱ्याचा हेल आणि आपले कान



१९८५ सालचा ‘प्रतिघटना’ हा तेलुगू चित्रपट अंबरपेठेतल्या आपल्या मराठी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यात कोटा श्रीनिवास राव यांनी कासय्या नावाचा पुढारी रंगवला होता. कोटा स्वतः कृष्णा जिल्ह्यातले, विजयवाड्याजवळच्या कंकिपाडूचे. पण पुढारी खलनायकही हवा आणि हसवणाराही हवा, म्हणून त्याच्या तोंडी घातली ती तेलंगणाची ‘यास’, म्हणजे इथला हेल. नट थोर होता, त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न त्या निवडीबद्दल आहे. कासय्याने तोंड उघडलं की तो कसला माणूस आहे हे प्रेक्षकाला लगेच कळे. त्याने केलं काय, हे नंतर. पुढे कितीतरी वर्षं तेलुगू पडद्यावर हा हेल गुंडाच्या, नोकराच्या नाहीतर वेंधळ्याच्याच वाट्याला आला. २०१७ मध्ये ‘फिदा’मधली बान्सवाड्याची भानुमती तोच हेल घेऊन नायिका झाली, तेव्हा इथल्या तरुण मुलींना केवढा आनंद झाला ते मी पाहिलं आहे.

हा हेल ‘अडाणी’ ठरला कसा? याचं उत्तर शाळेत सापडतं. निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. तेलुगू राहिली घरात, शेतात, बाजारात, आणि उर्दूचे शब्द पोटात घेत वाढली. तिकडे मद्रास इलाख्यात, कृष्णा-गोदावरीच्या काठी, छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, महाविद्यालयं होती; पुढे मद्रासचे चित्रपट आले. प्रमाण तेलुगू घडली ती तिथल्या बोलीवर. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही मुलूख एकत्र आले आणि वरंगळ-नलगोंड्याच्या पोराला वर्गात कळलं, की आई घरात बोलते ती भाषा चुकीची आहे. एका मुलखाला शाळा आधी मिळाली, दुसऱ्याला उशिरा. हा इतिहासाचा फरक लोकांनी अकलेच्या खात्यावर मांडला.

आपल्याला तर हे कोणी समजावून सांगायची गरज नसावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. आपल्यातले किती जण नांदेड, परभणी, लातूरकडचे! पुण्यात नातेवाइकांकडे गेल्यावर आपण सहज म्हणतो, “काय करायलास?” आणि समोरच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते आपण ओळखतो. त्या हसण्याने आपल्याला लागतं. तरीसुद्धा टीव्हीवर एखादा पुढारी तेलंगणाच्या हेलात ‘गिट्ल, गट्ल’ करत बोलू लागला, की आपल्याच दिवाणखान्यात कोणीतरी म्हणतं, “हा काय राज्य चालवणार?”

२००१ मध्ये के. चंद्रशेखर राव यांनी तेलुगू देसम सोडून तेलंगणा राष्ट्र समिती काढली, तेव्हा हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत ऐकलं. या गृहस्थांनी उस्मानियातून तेलुगू साहित्यात एम.ए. केलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये लालबहादूर स्टेडियमवर जागतिक तेलुगू संमेलन भरलं, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून जुनी पद्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. ग्रांथिक, म्हणजे पुस्तकी, तेलुगू त्यांना येत होतीच. सभेत ते गावाकडचं बोलत ते ठरवून, आणि समोरच्या शेतकऱ्याला पहिल्यांदाच वाटे की व्यासपीठावरचा माणूस आपल्या घरातला आहे. त्यांचे चिरंजीव के. टी. रामाराव पुणे विद्यापीठात आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकले. उद्योगपतींपुढे ते सफाईदार इंग्रजी बोलले की तीच शिकलीसवरली मंडळी म्हणत, “मुलगा हुशार आहे हो!” घर एक, पक्ष एक, तेव्हाचं सरकारही एकच. धोरण कोणाचं बरं, याची चौकशी न करताच दोघांना गुण देऊन झालेले असत.

माणसाच्या या सवयीची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी घेतली आहे. १९६० मध्ये माँट्रियलला वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भाषा येणाऱ्या लोकांकडून एकच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला. आवाज त्याच माणसांचे आहेत हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांनी इंग्रजी वाचणाऱ्याला जास्त बुद्धिमान ठरवलं. आणि यात फ्रेंच भाषिकही होते! दबलेला माणूस आपल्याच बोलीला कमी गुण देतो. हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला नांदेडचेच लोक आठवले, जे मुलांना दटावतात, “नीट बोल, पुण्यासारखं.” पुढे इंग्लंडमध्ये हॉवर्ड गाइल्स यांनी फाशीच्या शिक्षेवरचा एकच युक्तिवाद वेगवेगळ्या हेलांत ऐकवला. प्रतिष्ठित उच्चारातला युक्तिवाद लोकांना दर्जेदार वाटला, पण मत बदललं ते प्रादेशिक हेलात ऐकणाऱ्यांचं. तेलंगणाच्या सभांमध्ये काय घडलं, हे यावरून मला जरा उमगतं.

महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांना हेच सोसावं लागलं. शाळा थोडी, बोलणं सांगलीकडचं रांगडं. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचं दार १९८३ मध्ये याच मुख्यमंत्र्यांनी उघडलं. त्या निर्णयाचे गुणदोष आजही मांडावेत, जरूर मांडावेत. पण ते दादांच्या उच्चारात शोधू नयेत.

याची दुसरी बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते. हेल हा पुढाऱ्याचा परवाना नव्हे. निवडणुकीपुरता फेटा बांधावा तसा काही जण गावचा हेल चढवतात आणि त्याच्या आडून सगळे प्रश्न टाळतात. मेडिगड्डा बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. गोदावरीच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे आपला गडचिरोलीतला सिरोंचा तालुका. हा बंधारा चंद्रशेखर रावांच्या सरकारने उभारलेल्या काळेश्वरम प्रकल्पाचा भाग. जून २०१९ मध्ये प्रकल्पाचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये या बंधाऱ्याचे खांब खचले. पाया कसा घातला, खर्च किती झाला, पाणी साठलं तेव्हा सिरोंच्याच्या शेतकऱ्याच्या जमिनीचं काय झालं, हे विचारायला हवं. ज्यांनी आधी चंद्रशेखर रावांच्या बोलण्याची टर उडवली आणि ज्यांनी त्याच बोलण्यावर जीव ओवाळला, त्या दोघांचाही हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

इथे कवी काळोजी नारायणरावांचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. वडील मराठी, आई कन्नड, आणि लेखणी तेलंगणाच्या तेलुगूची. पुस्तकातल्या भाषेपेक्षा माणसांच्या बोलण्यातली भाषा लिहा, असा त्यांचा आग्रह होता. १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ९ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आता तेलंगणा भाषा दिन म्हणून पाळला जातो. एका मराठी घरातल्या मुलाने या हेलाला प्रतिष्ठा मिळवून दिली, याचा आपल्याला अभिमान हवा.

शेवटी एक काम सांगतो. आपल्या मंडळींच्या वक्तृत्व स्पर्धांत परीक्षक म्हणून मी बसतो. गुणपत्रिकेत ‘विषयाची मांडणी’ असते आणि शेजारी ‘शुद्ध उच्चार’ असतो. गेल्या खेपेला सातवीतली एक मुलगी मुसी नदीच्या पुरावर बोलली. पाणी कुठून येतं, नाले कुठे बुजले, मुसारामबागच्या पुलावरची वाहतूक केव्हा बंद होते, सगळं तिने स्वतः विचारून आणलेलं होतं. ती “पाणी यायलंय” म्हणाली आणि उच्चाराच्या रकान्यात मागे पडली. पहिला क्रमांक पाठ केलेल्या भाषणाला गेला. पुढच्या वर्षीपासून तो रकाना काढावा, शब्द स्पष्ट ऐकू येतात का एवढंच पाहावं, आणि मुलांचा मजकूर परीक्षकांना आधी नावाशिवाय वाचायला द्यावा, अशी लेखी सूचना मी स्पर्धा समितीला देतो आहे. कागद सोबत आणला आहे. ज्यांना पटलं असेल त्यांनी जाताना त्यावर सही करावी.