माडावरचा माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला चार उखाणे घेतले असतील, त्यापलीकडे सभेत कधी उभी राहिले नाही. दर वर्षी या दिवशी आरोग्य, पाककृती, मुलांचे संगोपन अशा विषयांवर कोणी तरी जाणत्या बाई बोलतात. मला त्यांतले काही सांगता येणार नाही. मला ठाऊक आहे ते माझ्या परड्यातले. म्हणून मी माडाविषयी, आणि खरे म्हणजे माडावर चढणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. कागदावर लिहून आणले आहे, तरी चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या वेंगुर्ल्यात माड नाही असे घर शोधावे लागेल. माझ्या परड्यात अकरा माड आहेत. सासऱ्यांनी लावलेले, जुने बाणवली जातीचे, साठ-साठ फूट गेलेले. खोबरे नाही तर आमटी नाही, चुडते नाहीत तर पावसाची झडप नाही. पण नारळ काही आपल्या पायांनी खाली येत नाही. तो आणायला पाडेली लागतो. तो येतो, कमरेच्या आकडीला कोयता अडकवतो, पायात काथ्याचे कडे घालतो आणि आपण "चहा ठेवते हं" म्हणेपर्यंत शेंड्यात पोचलेला असतो. वर काय असते ते आपल्याला खालून दिसत नाही. उंदीर असतो, गांधीलमाश्यांचे पोळे असते, लाल मुंग्या असतात, कधी कधी साप. हात कोयत्याला दिलेला, अंग वाळक्या झावळीच्या भरवशावर. आपण खाली उभ्या राहून नारळ मोजतो आणि एखादा गडग्यापलीकडे गेला तर कुरकुरतो. मीही कुरकुरले आहे.

आता मी माझीच गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०२२ साली नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या ११ तारखेला होती. आदल्या दिवशी मी आमच्या पाडेली भाऊंना बोलावणे धाडले. नारळीभात करायचा, नणंदेकडे दहा नारळ पाठवायचे, आणि घरात दोनच उरले होते. भाऊ आले, बुंध्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "वयनी, माड वलो आसा. दोन दिसांनी चडतंय." मी म्हटले, "भाऊ, पुनव उद्याच आसा मां! एकच माड काढा." ते काही बोलले नाहीत. वीस वर्षे आमच्या घरी येणारा माणूस, त्यांनी माझा शब्द मोडला नाही. एक माड चढले, एक पेंड तोडली, आणि उतरताना अर्ध्यावरून पाय सुटला. पावसाळ्यात बुंध्यावर शेवाळ धरते हे काय मला ठाऊक नव्हते? पण सणाच्या घाईत आपल्याला आपली परात तेवढी दिसते.

आवाज ऐकून शेजारचे धावले. चौघांनी हातापायांना धरून त्यांना उचलले आणि रिक्षात बसवले. हो, बसवले. पुढे गोव्याला नेल्यावर डॉक्टरांनी विचारले, कसे उचलले, कसे आणले? तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. पाठीच्या कण्याला मार होता. भाऊ वाचले, पण कमरेखाली दोन्ही पाय गेले. पडण्याने किती गेले आणि आमच्या उचलण्याने किती, हे कोणी सांगू शकत नाही. ते विचारायला मला अजून धीर झालेला नाही.

मग पैशाचा प्रश्न आला. भाऊंच्या घरच्या वहिनींनी पेटीतून बँकेचे पुस्तक काढून माझ्या हातात दिले. त्यांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घातले होते. ही योजना २०१५ साली निघाली. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही तिच्यात जाता येते. अपघाती मृत्यू आला किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख रुपये, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. हप्ता वर्षाला १२ रुपये होता, तो १ जून २०२२ पासून २० रुपये झाला. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तो खात्यातून आपोआप कापला जातो. भाऊंच्या खात्यात त्या मे महिन्यात होते १४ रुपये. जुना हप्ता असता तर दोन रुपये उरले असते. नवा हप्ता निघाला नाही आणि विमा बंद पडला. मोबाईलवर संदेश आला होता म्हणे, तोही इंग्रजीत. सहा रुपये कमी पडले, भगिनींनो. त्या दिवशी माझ्या कनवटीला सुटे चाळीस रुपये होते.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला साहेब होते पण अर्ज नव्हते. तिसऱ्या खेपेला कळले की नारळ विकास मंडळाची पाडेल्यांसाठी वेगळी विमा योजना आहे. 'केर सुरक्षा' तिचे नाव. हे मंडळ केंद्र सरकारचे, १९८१ साली स्थापन झालेले, मुख्य कचेरी कोचीला आणि आपल्या राज्यासाठी केंद्र ठाण्याला. या विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरते, थोडासा भाग पाडेल्याने भरायचा. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास मिळणारी रक्कम वाढत वाढत २ लाखांवरून ५ लाख आणि पुढे ७ लाखांपर्यंत नेलेली आहे, आणि इस्पितळाच्या खर्चाचाही काही भाग मिळतो. अर्जावर वयाचा दाखला आणि कृषी अधिकारी किंवा सरपंच अशा कोणाची सही लागते. मी आमच्या आळीतल्या सगळ्या पाडेल्यांना विचारले. एकालाही हे ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक नव्हते यात नवल नाही, ते दिवसभर माडावर असतात. पण आपण जमिनीवर असतो. आपल्यालाही ठाऊक नव्हते.

आता परवान्याविषयी. घरी वीज दुरुस्त करायला येणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. नगरपालिकेच्या हद्दीत माड तोडायचा तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. इतकेच काय, त्याच माडाची ताडी काढायची तर अबकारी खात्याचा परवाना पाहिजे. म्हणजे झाडाचा हिशेब आहे, रसाचा हिशेब आहे, पण नारळासाठी जीव टांगून चढणाऱ्या माणसाची नोंद कुठेही नाही. तो कोण, कुठून शिकला, पडला तर कोणाला कळवायचे, कोणी विचारत नाही.

यावर आमच्या यजमानांचे म्हणणे असे की, मग त्यांनाही परवाना सक्तीचा करावा. मला ते पटत नाही. आपले पाडेली बहुतेक पन्नाशीचे, कित्येकांना सही येत नाही. उद्या परवाना काढा म्हटले तर ते कचेरीच्या पायरीवर बसून राहतील आणि शिकल्यासवरलेला कोणी ठेका घेऊन त्यांनाच निम्म्या मजुरीवर चढवील. आधी शिक्षण द्यावे, विमा द्यावा, नाव नोंदवावे. परवाना त्यानंतर, आणि तोही त्यांच्या दारात आणून द्यावा. माझे मत सांगितले, कायदा जाणणाऱ्यांनी दुरुस्त करावे.

शिक्षणाची सोय मुळीच नाही असे नाही. २०११ साली नारळ विकास मंडळाने केरळात माडावर चढण्याचे सहा दिवसांचे वर्ग सुरू केले आणि मग इतर नारळी राज्यांतही ते नेले. शिकणाऱ्यांना त्यांनी नाव दिले, 'नारळवृक्षाचे मित्र'. तिथे यंत्राने चढायला शिकवतात. हे यंत्र कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने काढलेले. दोन पायांसाठी दोन भाग, प्रत्येकाचा तारेचा फास बुंध्याभोवती घालायचा. एका पायावर भार द्यायचा, दुसरा वर सरकवायचा, जिना चढल्यासारखे. कमरेला पट्टा आणि दोर असला की पाय सुटला तरी माणूस लोंबकळतो, खाली येत नाही. बुंध्याला खाचा पाडाव्या लागत नाहीत, हा झाडाचा फायदा, कारण जखम दिसली की सोंड्या भुंगा तिथे अंडी घालतो. आणि भगिनींनो, या वर्गांत बायकाही शिकल्या आणि माडावर चढून मजुरी मिळवू लागल्या! हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "काय ता एकेक!" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, यंत्राचा भाव काय?

आपले जुने पाडेली मात्र यंत्राला नाक मुरडतात. प्रत्येक माडाला ते लावायचे आणि सोडायचे यात वेळ जातो. तेवढ्यात आपण दुसरा माड उतरतो, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. त्यांना मजुरी माडामागे मिळते, वेळेमागे नाही. म्हणून जो पट्टा बांधून चढेल त्याला माडामागे थोडे अधिक द्यावे, असे मी घरात ठरवले आहे.

आपल्याकडून काय व्हावे, तेही सांगते. पाऊस पडून गेल्यावर बुंधा सुकेपर्यंत कोणाला चढायला सांगू नये, सण असो की कार्य असो. बाजारात नारळ मिळतो. विजेची तार माडाजवळून जात असेल तर आधी वीज कचेरीत कळवावे. ओली झावळी तारेवर पडली तर वरचा माणूस आणि खालची माणसे, दोघांनाही धोका. पोरांना घरात घ्यावे. आणि देव न करो, कोणी पडला तर त्याला उचलू नये. १०८ नंबरला फोन करावा. श्वास चालू आहे ना ते पाहावे, रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, डोके आणि मान हलू देऊ नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. हलवणे अगदी भागच पडले तर दाराची फळी काढून तिच्यावर सरळ निजवावे, चौघांनी एकदम, अंग न वाकवता. हे मला त्या दिवशी कोणी सांगितले असते तर!

गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या शिल्लक पैशांतून मंडळाने एक पट्टा आणि दोर आणला, हे आपणांस माहीत आहेच. तो माझ्या घरी असतो, कोणीही न्यावा. त्याबरोबर मी एक वही केली आहे. आमच्या आळीतल्या सात पाडेल्यांची नावे तीत आहेत. प्रत्येकासमोर दोन खाणी, एक वीस रुपयांच्या विम्याचे, एक केर सुरक्षेचे. मे महिना लागला की मी सातही घरी जाऊन खात्यात पैसे आहेत का ते विचारते. दोघांच्या खात्यात नव्हते. ज्यांच्याकडे ते नारळ पाडतात त्या घरांनी ते भरले. सात जणांपैकी पाच जणांची दोन्ही खाणी भरली आहेत. एकाजवळ वयाचा दाखला नाही, त्याची खटपट चालू आहे. सातवा म्हणतो, विमा काढला की माणूस पडतो. त्याच्याकडे मी जातच असते.

भाऊंचे नाव वहीत नाही, त्यांच्या मुलाचे आहे. तो पट्टा बांधून चढतो. भाऊ चाकाच्या खुर्चीत आमच्या अंगणात बसतात आणि कुठली पेंड तयार झाली ते खालूनच सांगतात. पाऊस असला की मुलाला घरातून निघूच देत नाहीत. त्यांनी मला कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही. वहिनी मात्र अजून माझ्याकडचा नारळ घेत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

माझ्या आळीचे झाले, पण गावात आळ्या पुष्कळ आहेत. ती वही मी चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे, तिच्याजवळच कोरे अर्जही आहेत. ज्यांच्याकडे पाडेली येतात त्यांनी चहाला जाण्यापूर्वी त्यांचे नाव आणि घर तीत लिहून जावे. पेन दोऱ्याने बांधलेले आहे.