पृच्छेतील प्रकारांचे अनुमान
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या बऱ्याच घरांतील मुले-मुली आज डेटाबेसच्या कामावर आहेत. त्या कामातील एका प्रश्नाविषयी आम्ही बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले. तो प्रश्न आम्हांला आमच्याच चुकीतून उमगला, हे आधी कबूल केले पाहिजे.

सभासदांची एक यादी आणि पत्त्यांची दुसरी, अशा दोन याद्या आमच्या संगणकावर होत्या. एकीत सभासद क्रमांक अक्षरांच्या रूपात होता, ‘००७’, ‘०४२’ असा. दुसरीत तोच संख्या म्हणून, ७, ४२ असा. निमंत्रणांसाठी आम्ही दोन्ही याद्या जोडणारी पृच्छा, म्हणजे क्वेरी, लिहिली. यंत्राने संख्येचे मुकाट्याने अक्षरांत रूपांतर केले. ‘४२’ आणि ‘०४२’ जुळेनात. ‘१३५’ मात्र बिनचूक जुळला. परिणामी पहिली ९९ कुटुंबे निमंत्रणाविना राहिली. ज्यांनी मंडळ उभे केले तीच ही कुटुंबे, आणि वगळले जाणे म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. संगणकाने एका शब्दानेही हरकत घेतली नव्हती.

ही हरकत पृच्छा चालविण्यापूर्वीच घेता येईल काय?

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली. तिचीच पुढे एसक्यूएल झाली. तेथे प्रत्येक स्तंभाचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो. दुसरीकडे हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि एडिंबरो येथील रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये दाखविले की प्रकार जाहीर न करताही, वापरावरून, यंत्राला तो ताडता येतो. एखाद्या नावात दुसरी संख्या मिळविली, तर ते नाव संख्येचेच असले पाहिजे.

हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ओहोरी, ब्यूनमन व टॅनन यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘मॅकियाव्हेली’ ही भाषा. (नाव काही आमच्या पसंतीचे नाही.) ‘ज्यांचा पगार एक लाखाहून अधिक त्यांची नावे द्या’ एवढीच पृच्छा लिहावी. तक्ता कोणता, हे सांगू नये. यंत्र अनुमान करते: तक्त्यात पगार हा स्तंभ हवा आणि तो संख्येचा हवा, नाव हा स्तंभ हवा, त्याचा प्रकार कोणताही चालेल, इतर स्तंभ असोत वा नसोत. मग तीच पृच्छा शिक्षकांच्या तक्त्यावर चालते आणि परिचारिकांच्याही.

दोन तक्ते जोडताना नियम असा, की समान नावाच्या स्तंभांचा प्रकार एकच हवा. आमची पृच्छा येथेच अडली असती. मात्र तक्तेच अज्ञात असतील, तर काम अवघड होते. जोडून आलेल्या उत्तरात एखादा स्तंभ हवा असेल, तर तो पहिल्या तक्त्यात असेल, दुसऱ्यात, किंवा दोन्हींत. असे पर्याय प्रत्येक पायरीला गुणिले जातात. अशा पृच्छेला सुसंगत प्रकार देता येतो की नाही हे ठरविणे एनपी-पूर्ण आहे, म्हणजे सर्व प्रसंगी ते झटपट सोडविण्याची रीत कोणाला ठाऊक नाही, असे २००५ मध्ये व्हान्सुमेरेन यांनी सिद्ध केले. रोजच्या कामात तक्ते ठाऊक असतात, म्हणून तरुणांनी याचा धसका घेऊ नये.

धसका घ्यावा तो मुकाट रूपांतराचा. सभासद क्रमांक अंकांचा असला तरी तो संख्या नव्हे. त्याची बेरीज कोणी करीत नाही. पण हे अनुमान यंत्र करणार नाही. ते तक्ता आखणाऱ्यानेच करावयाचे. आम्ही ते केले नव्हते.

आता दोन्ही याद्यांत क्रमांक अक्षरांतच आहे. ती ९९ निमंत्रणे आम्ही घरोघर जाऊन दिली. बहुतेक ठिकाणी चहा मिळाला. एका आजींनी मात्र दारातच पाकीट उलटून आपला क्रमांक पाहिला. तो ‘००३’ असा पूर्ण छापलेला दिसल्यावरच त्यांनी आम्हांला आत घेतले.