उतरलेल्या सेलचा हिशेब



आम्ही इंजिनिअर नव्हे. कामगारांची गाऱ्हाणी मांडता मांडता जी विद्या गाठी पडली, तेवढीच आमची.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका लहान कारखान्यात बायका हातदिवे जोडीत. दिव्यात दोन सेल, म्हणजे ३ व्होल्ट. एकापुढे एक जोडलेल्या दोन पांढऱ्या एलईडींना मात्र सुमारे ६ व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये व्होल्टेज चढविणारे सर्किट. ते विहिरीवरच्या मोटेसारखे चालते. स्विच मिटला की कॉइल भरते, उघडला की ती डायोडमधून वरच्या पातळीवर रिकामी होते. सेकंदाला हजारो वेळा.

सेल अर्धे उरले असतानाच दिवे विझू लागले. मालक म्हणाले, "सोल्डरिंग कच्चे!" आणि बायकांच्या पगारातून कपात झाली.

आम्ही भागांचे तक्ते मागवून रात्री वाचीत बसलो. स्विच म्हणून घातलेल्या मॉस्फेटचा रोध तक्त्यात कमी दिसे खरा. पण तो गेटवर १० व्होल्ट असताना! येथे गेटला सेलचेच व्होल्टेज, तेही उतरत २ वर येणारे. तक्त्यातील 'थ्रेशोल्ड'चा आकडा पाहूनही फसू नये. तेथे बहुधा २५० मायक्रोअँपियरच वाहतात. दार नुसते किलकिले होते.

कॉइलचेही तेच. ०.३ वॅट उजेडासाठी, गळती सोडली तरी, ३ व्होल्टवर ०.१ अँपियर लागतो, २ व्होल्टवर ०.१५, क्षणाचा उच्चांक त्याहूनही वर. तो न पेलणाऱ्या कॉइलचा गाभा भरून जातो आणि ती निव्वळ तार उरते. डायोड साधा असेल तर ०.७ व्होल्ट खातो, शॉट्की असेल तर सुमारे ०.३. सहा व्होल्टच्या संसारात हा फरक लहान नव्हे.

सारे भाग ताज्या सेलवर पारखून घेतले होते. चूक तेथेच होती. भाग निवडावा तो उतरलेल्या सेलचा हिशेब धरून. किमान वेतन मागताना आम्हीही सणाचा दिवस धरीत नाही, महिनाअखेर धरतो.

तक्ते टेबलावर मांडले. मॉस्फेट आणि कॉइल बदलली, दिवे परत येणे थांबले आणि कापलेले पैसे बायकांना मिळाले. सोल्डरिंग पहिल्यापासून पक्केच होते.