पहाडी सिंह आणि हिवाळा



अमेरिकेत ज्याला 'पहाडी सिंह' म्हणतात, त्या प्यूमाविषयी आज आम्ही बोलणार आहोत. नाव सिंहाचे; पण त्याला आयाळ नाही आणि गर्जनाही करता येत नाही. हरणांचा तो फडशा पाडतो, हा त्याच्यावरचा जुना आरोप. आयडाहो राज्यात एके काळी प्यूमा मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळत असे.

या आरोपाचे मूळ हिवाळ्यात आहे. डोंगरमाथ्यावरचे गवत बर्फाखाली गाडले गेले, की हरणे व एल्क नावाची थोरली हरणे खालच्या खोऱ्यांत उतरतात. त्यांच्या मागोमाग प्यूमाही उतरतो. उन्हाळ्यात डोंगरभर पांगलेले प्राणी अरुंद जागेत एकवटतात, आणि पाहणाराला वाटते, प्यूमा फार माजले! वास्तविक संख्या वाढलेली नसते. जागा आकसलेली असते.

प्यूमा लांब पल्ल्याचा धावणारा नव्हे. खडकांच्या व झाडीच्या आडोशाने जवळ सरकायचे आणि झडप घालायची, ही त्याची रीत. खोल बर्फात रुतलेले, उपासाने खंगलेले हरीण त्याच्या हाती सहज लागते. उरलेली शिकार तो पालापाचोळा व बर्फ ओढून झाकतो. थंडीत मांस लवकर नासत नाही; शिवाय ते हिसकावणारी अस्वले त्या दिवसांत बिळांत निजलेली असतात. लांडगे मात्र जागे असतात!

१९६४ साली मॉरिस हॉर्नॉकर या संशोधकाने आयडाहोतील बिग क्रीकच्या खोऱ्यात काम आरंभिले. बर्फातले माग काढावेत, कुत्र्यांच्या भयाने झाडावर चढलेल्या प्यूमास औषधाने गुंगवावे, खूण करून सोडून द्यावे, असे कित्येक हिवाळे चालले. १९७० साली त्याने निष्कर्ष मांडला : तेथील हरणांची संख्या प्यूमा ठरवीत नाही, हिवाळ्यातला चारा ठरवितो. प्यूमा असतानाही हरणे वाढलीच होती. १९७२ साली आयडाहोत प्यूमाच्या शिकारीस नियमांचे बंधन आले.

हा न्याय सर्वत्र सारखा लागू पडत नाही. रानमेंढ्यांच्या एखाद्या लहानशा कळपाला एकच प्यूमाही भारी पडतो. परंतु एक गोष्ट ध्यानी ठेवावी. प्यूमाने मारलेले हरीण रक्ताच्या डागांनी डोळ्यांत भरते. भुकेने मेलेले बर्फाखाली निमूट झाकले जाते. जे दिसले तेवढ्यावरच निवाडा करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.