किटलीतला पांढरा थर आणि व्हॅलिस्नेरिया

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना व्हॅलिस्नेरिया हे नाव आठवेल. पाण्यावरून होणाऱ्या परागणाचं ते ठरलेलं उदाहरण: नर फुलं तुटून वर येतात आणि तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात. मार्कांसाठी पाठ केलेली ही वनस्पती मी प्रत्यक्ष पाहिली ती लंडनमध्ये, मुलीच्या फिशटँकसाठी रोपं आणताना. लांब, रिबिनीसारखं हिरवं गवत.

दहा दिवसांत सगळी पानं तपकिरी होऊन विरघळली. "बाबा, मेलं का?" मी हो म्हटलं आणि उपटून टाकलं. मुळं पांढरीशुभ्र, घट्ट होती. म्हणजे रोप जिवंत होतं आणि ते मी मारलं.

तुमच्याकडे असं झालं तर घाई करू नका. नव्या पाण्यात आल्यावर व्हॅलिस्नेरिया जुनी पानं बरेचदा टाकते. कुजलेली तेवढी काढा, मुळं राहू द्या. तीन-चार आठवड्यांत मधून नवं पान येतं.

लावताना दुकानातला कापूस आणि शिशाची पट्टी काढा. मुळं वाळूत जाऊ द्या, पण पानं जिथून फुटतात तो पांढरट बुंधा वरच ठेवा. तो पुरला की सडतो. दिवा रोज सात-आठ तास पुरे. बाटलीतला 'लिक्विड कार्बन' मात्र हिला अजिबात घालू नका, त्यानं पानं विरघळतात.

आणि आपलं लंडनचं जड पाणी, ज्यानं किटलीत पांढरा थर बसतो, ते हिला मानवतं. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कार्बन घेऊ शकते, म्हणून वेगळा गॅस लागत नाही. नळाचं पाणी घालताना क्लोरीन घालवायचं औषध तेवढं विसरू नका, ते माशांसाठी.

एकदा रुजली की धावतं खोड वाळूवरून पुढं जातं आणि टोकाला पिल्लू रोप येतं. त्याला तीन-चार पानं आली की कापून दुसरीकडे लावा. ही सगळी एकाच रोपाची पिल्लं, त्यामुळे सगळी नर किंवा सगळी मादी. पुस्तकातलं ते परागण घरी दिसायची आशा ठेवू नका!

जास्त झालेली रोपं ओळखीच्यांना द्या. जवळच्या तळ्यात किंवा कालव्यात सोडू नका. आणि सुट्टीत भारतात जाताना दिव्याला टायमर लावा. माशांना खाणं घालायला कोणी येणार असेल, तर रोपाचं एखादं पान पिवळं दिसलं तरी उपटू नका, असं चिठ्ठीत लिहून ठेवा.