न खाणाऱ्या बदकांनी शिकवलेलं

(मैंदर्गी येथे कापणीच्या आभार-उपासनेनंतर आमच्या कार्यकर्त्या भगिनींनी केलेलं भाषण)



पाळकसाहेबांनी मला वर्षाचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. तो एका वाक्यात देते. आपल्या देणग्यांतून यंदा पारधी वस्तीवरच्या 6 कुटुंबांना प्रत्येकी 6 बदकं, म्हणजे 5 माद्या आणि 1 नर, अशी 36 बदकं दिली. त्यांतली 5 मेली. अहवाल संपला. उरलेल्या वेळात ती 5 कशी मेली हे सांगणार आहे, कारण चूक आमची होती आणि ती आपल्यापासून लपवून ठेवणं बरं नाही.

आपल्यापैकी काहींनी तेव्हाच विचारलं होतं, "मैंदर्गीत बदकं? इथं माणसाला पाणी जपून वापरावं लागतं!" प्रश्न योग्य होता. पण बदकाला पोहायला तळं लागतंच असं नाही. चोच पूर्ण बुडेल एवढं खोल भांडं असलं तरी ते जगतं. आम्ही आणलेली जात खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या कॅम्पबेल नावाच्या बाईंनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ती तयार केली. चांगलं खाद्य आणि निगा मिळाली तर एक मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देऊ शकते. म्हणून आम्ही ठरवलं.

जुलैत रात्रभर प्रवास करून टेम्पो आला. पक्षी चार महिन्यांचे होते. आम्ही ते वाटले, प्रार्थना केली, फोटो काढले. प्रत्येक घराला कोंबड्यांची पाण्याची प्लॅस्टिकची भांडी दिली, भरडा आणि शेंगदाणा पेंडीचं पोतं दिलं आणि निघालो. पुन्हा गेलो ते आठ दिवसांनी.

वस्तीवर पोचले तर नेहमी पुढे धावत येणारी पोरं आली नाहीत. एका आजीच्या दारात गेले. त्यांनी काही न बोलता पालामागून एक पोतं ओढत आणलं आणि माझ्यासमोर उघडलं. वास सुटला होता. आत तीन मेलेली बदकं होती.

"इकली न्हाईत की वो ताई. खाल्ली बी न्हाईत. मोजून घ्या."

बंधू-भगिनींनो, मी "ही कशी मेली" असं विचारायच्या आधीच त्या माझ्यापुढे पुरावा ठेवत होत्या. मेलेला पक्षी कुणीही पुरून टाकतो. आजींनी तो दोन दिवस सांभाळला, कारण आपल्यावर आळ येणार याची त्यांना खात्री होती. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. पारधी त्यांतलेच. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण लोकांच्या नजरेतून शिक्का गेलेला नाही. आम्ही देणारे असलो, तरी आमच्याही नजरेची त्यांना भीती होती. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

मग मी खाली बसले आणि उरलेली बदकं पहिल्यांदा नीट पाहिली. पिसांवरून कळत नाही, बदक फुगलेलं दिसतं. हातात घेऊन छातीवर बोटं फिरवली, तर मधलं हाड सुरीच्या पाठीसारखं टोचत होतं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असायला हवं. ताणकाट्याला पिशवी अडकवून वजन केलं, तर 1 किलो 100 ग्रॅम. त्या वयाला दीड किलोच्या पुढे हवं होतं. डोळ्यांच्या कडांना चिकट खपली, नाकपुड्यांत भरड्याचा गोळा, विष्ठा हिरवी आणि पातळ. पोटात अन्न नसलं की अशी हिरवी विष्ठा दिसते.

ती का खात नव्हती? आम्ही समजत होतो की नवीन जागा, दोन दिवसांत रुळतील. कारणं वेगळी होती.

पहिलं कारण पाणी. कोंबडी चोचीचं टोक बुडवून पिते, तिला उथळ भांडं चालतं. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून धुवावी लागते. शिवाय ते एक घास खातं आणि लगेच पाण्याकडे जातं. पाणी नसेल तर कोरडा भरडा घशात अडकतो, एकदोनदा ठसका लागला की ते खाद्याकडे जातच नाही. आम्ही दिलेल्या भांड्याच्या कडेत त्याची चोच मावतच नव्हती. पाणी समोर असून पक्षी तहानेले होते.

दुसरं कारण भीती. टेम्पोचा प्रवास, नवा आवाज, चारी बाजूंनी बघणारी पोरं आणि कुत्री. हे आम्हाला आजींनीच सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या काळी घरात पाळलेले तित्तर असायचे. त्या म्हणाल्या, "नवं पाखरू माणसाम्होरं खात न्हाई. त्येच्यावर पोतं टाका, दाणा ठेवा आन् तितनं निघून जावा. खानारं पाखरू त्येच्या बाजूला ठेवा. त्येचं बघून खातंय." पदविका माझ्याकडे आहे. पण त्या दिवशी शिकवलं आजींनी.

तिसरं कारण आमच्याच पोत्यात होतं. पशुवैद्यक डॉक्टरांनी नुकतंच मेलेलं एक बदक उघडून पाहिलं. पोट रिकामं, यकृत पिवळट. त्यांनी पेंडीचा वास घेतला आणि पोतं बाजूला काढायला लावलं. पावसाळी दमट हवेत शेंगदाणा पेंडीला बुरशी येते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तेव्हा बाहेरून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष सापडलं. तेव्हा बदकांची पिल्लंही मेली होती. या विषाला बदक कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक असतं. आपला भाग शेंगांचा, पेंड सगळीकडे मिळते, म्हणून हे आपण लक्षात ठेवायलाच हवं. बुरशी उन्हात वाळवली तरी विष जात नाही. अशी पेंड फेकून द्यायची, शेळीलाही घालायची नाही.

त्या आठवड्यात आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. इथं बसलेल्यांपैकी कुणी बदकं घेणार असेल तर उपयोगी पडेल.

आल्याबरोबर आधी पाणी, खाद्य नंतर. आम्ही प्लॅस्टिकची भांडी काढून घेतली आणि प्रत्येक घरी एक घमेलं अर्धं जमिनीत बसवलं, म्हणजे कलंडत नाही. पहिल्या वेळी लिटरभर पाण्यात चमचाभर गूळ घातला, नंतर साधं स्वच्छ पाणी. मीठ घालायचा मोह टाळा, बदकाला जास्त मीठ बाधतं. लहान पिल्लं असतील तर भांड्यात खडे टाका, नाहीतर ती भिजून गारठतात. सांडपाणी भाजीच्या आळ्यात सोडलं. म्हणजे पाणी वायाही गेलं नाही.

मग ओलं खाद्य. भरडा पाण्यात कालवून लापशीसारखा केला. भिजवलेली ज्वारी आणि तांदळाची कणी दिली. कोथिंबीर, पालक बारीक चिरून घमेल्यात पाण्यावर सोडला. बदकाला पाण्यावर तरंगतं ते टिपायची सवय असते. पहिला घास बहुतेकांनी तिथूनच घेतला. उपाशी पक्ष्याला एकदम पोटभर घालू नये. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. उरलेलं ओलं खाद्य दोन तासांत काढून टाकायचं, नाहीतर ते आंबतं. रुळल्यावर मोठ्या बदकाला दिवसाला साधारण 150 ग्रॅम खाद्य लागतं. पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जवळपास दुप्पट लागतं. ते कमी पडलं तर पाय वाकतात. गव्हाचा कोंडा आणि यीस्ट यांतून ते मिळतं.

मग शांतता. पोत्याचा आडोसा, सावली, आणि आजींनी सांगितल्याप्रमाणे खाणाऱ्याच्या शेजारी न खाणारं. एकट्या बदकाला कधी कोंडू नका. ते कळपाचं पाखरू आहे, एकटं पडलं की झुरतं.

आणि वजन. रोज सकाळी त्याच वेळी, भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचं. डोळ्यांना फसवता येतं, काट्याला नाही. दोन दिवस वजन उतरलं, मान वाकडी झाली, श्वासाला आवाज येऊ लागला, पाय ओढू लागलं, तर घरगुती उपाय थांबवून 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय पथकाला फोन करायचा. जंताचं औषध आणि डक प्लेगची लस डॉक्टरांच्याच सल्ल्याने. नवे पक्षी जुन्या कोंबड्यांत तीन आठवडे मिसळायचे नाहीत. एकदम बरेच मेले तर लपवायचं नाही. 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूर या आदिवासी तालुक्यात, देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. लपवल्याने गावाचं नुकसान होतं.

आम्ही पोचल्यावरही दोन बदकं वाचली नाहीत. बाकीची 31 सावरली. दहा-बारा दिवसांत छातीचं हाड बोटांना टोचेनासं झालं. एका कुटुंबाने "आम्हाला शेळीच बरी" म्हणून आपली बदकं शेजाऱ्यांना दिली. त्यात आम्ही वाईट वाटून घेतलं नाही. आज बाकीच्या पाच घरी अंडी निघतात, आणि आजींच्या नातवंडांच्या ताटात अंडं असतं.

1 राजे 19 व्या अध्यायातला एलीया आपल्याला माहीत आहे. जीव नकोसा होऊन तो झुडपाखाली पडला होता. देवाने त्याला आधी प्रश्न विचारला नाही. त्याला झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा दिलं. "तू इथं काय करतोस" हा प्रश्न त्यानंतर, पुष्कळ दूरच्या वाटेवर आला. आम्ही उलटं केलं. देऊन निघून गेलो, आणि परत आलो तेव्हा आमच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. तो आजींनी आमच्या आधी वाचला.

आता आमचा नियम एकच आहे. काहीही दिलं, शेळी असो, शिलाई मशीन असो की बदक, तर दुसऱ्या दिवशी जायचं, चौथ्या दिवशी जायचं, आठव्या दिवशी जायचं. हातात वही नसली तरी चालेल, काटा हवा. आणि काही मेलं तर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा.

म्हणून माझी विनंती थोडी वेगळी आहे. बदकासाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात, त्यांची नावंही छापून येतात. दुसऱ्या दिवशीच्या एसटीच्या तिकिटासाठी, एका घमेल्यासाठी, एका ताणकाट्यासाठी कुणी नाव देत नाही. यंदा ते द्या. आणि शक्य असेल तर तिकीट काढून स्वतः या, वस्तीवर बसा. आजी तुम्हाला तित्तराच्या गोष्टी सांगतील.

त्या वस्तीसाठी, तिथल्या लेकरांसाठी आणि आमची नजर शुद्ध व्हावी म्हणून प्रार्थना करा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.