मान हलली म्हणजे ऐकू आलं, असं नाही

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात पन्नाशीच्या एक बाई आल्या. वीस-बावीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात कांड्या भरलेल्या. मुलगा-सून घरात राहू देत नव्हते. समेटाची बैठक पत्र्याच्या हॉलमध्ये झाली. डोक्यावर पंखे, बाहेर रस्ता, आत सगळे एकदम बोलणारे. तडजोडीचा कागद मीच मोठ्यानं वाचला आणि "पटतंय ना?" असं विचारलं. बाईंनी तीनदा मान हलवली. अंगठा उमटला.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. "ताई, खोली मुलाच्या नावावर करते असं मी कधी म्हटलं?"

कागदात तसं होतं. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. "मग तेव्हाच का नाही विचारलंत?" तर म्हणाल्या, "किती वेळा 'काय, काय' करायचं? घरी त्यावरूनच बहिरट म्हणतात."

तो कागद आम्ही रद्द करून घेतला. पण एम.एस.डब्ल्यू. करताना मी बाईचं ऐकून घ्यायला शिकले होते. तिला ऐकू येतंय का, हे विचारायला शिकले नव्हते.

अपंगांसाठी सोय म्हटली की आपल्याला रॅम्प दिसतो. बहिरेपण दिसत नाही. त्यात बाईनं गप्प बसून मान हलवली, की ती समंजसच वाटते!

"मग यंत्र का लावत नाहीत?" असं आपण सहज म्हणतो. श्रवणयंत्र जवळचं बोलणं चांगलं पोचवतं. पण सभागृहात बोलणारी लांब असते, आणि यंत्र तिच्या आवाजाबरोबर पंखा, कुजबुज, भिंतींचा घुमाराही मोठा करतं. त्यावर इंडक्शन लूप नावाचा उपाय आहे. सभागृहाभोवती एक तार फिरवून ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ज्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल, म्हणजे छोटी तारेची गुंडाळी असते, त्यात 'टी'ची सोय चालू केली की माइकवरचं बोलणं सरळ कानात येतं. मधला गोंगाट गळतो. सगळ्या यंत्रांत ही गुंडाळी नसते, म्हणून यंत्र घेतानाच विचारावं. ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांना हेडफोनचा रिसीव्हर देता येतो. आणि ज्या बाईची भाषाच खुणांची आहे, तिला दुभाषीच हवी; तिथे तार कामाची नाही.

ही मेहेरबानी नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात न्यायालयं आणि सार्वजनिक जागा सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला बजावलं, की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा नकोत, सक्तीचे हवेत. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी बाई अपंग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत तक्रार नोंदवून घ्यायची असते. २०१३च्या दुरुस्तीनं आलेली ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ठाण्यात बाईबरोबर जाताना ती ठामपणे सांगा.

गावात, वॉर्डात नवं सभागृह बांधलं जात असेल, जुनं दुरुस्त होत असेल, तर लूपची मागणी तेव्हाच करा. फरशी बसल्यावर तार टाकणं खर्चाचं होतं.

पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बैठका पाहू. एका वेळी एकीनंच बोलावं. बोलणारीच्या तोंडावर उजेड असावा, माइकनं ओठ झाकू नयेत. विषय फळ्यावर लिहावेत. निमंत्रणातच विचारावं, "ऐकण्यासाठी काही सोय हवी आहे का?" आणि कागदावर सही-अंगठा घेण्याआधी "समजलं ना?" विचारू नये. "काय ठरलं, ते तुम्ही सांगा," असं म्हणावं.

त्या बाईंची दुसरी बैठक आम्ही लहान खोलीत घेतली. पंखा बंद, दार बंद, मी समोर बसलेली. एकेक अट मी सांगायची, त्यांनी ती आपल्या शब्दांत परत सांगायची. खोलीची अट आली तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. मुलाकडे पाहून स्पष्ट म्हणाल्या, "खोली माझ्या कष्टाची आहे. ती मी देणार नाही."

हे वाक्य पहिल्या बैठकीतही त्यांच्याजवळ होतंच. ते बाहेर येईल अशी जागा आम्ही त्यांना दिली नव्हती.